कळ दाबली की उमटले पाहिजे

बुलढाणा तालुक्यातले धाड म्हणजे विदर्भ संपता संपता लागणारे बाजाराचे गाव. पुढे जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका सुरू होतो. जुलै संपत आला की या भागातल्या सेवा केंद्रांपुढे पीक विम्यासाठी गर्दी होते. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक असा एकेक कागद स्कॅन करून चढवावा लागतो आणि रांग किती वेगाने सरकेल हे पुष्कळदा टेबलाखालच्या जुन्या डेस्कटॉपवर ठरते. तो अडकला की 'हँग झाला' म्हणायचे आणि फारच अडकू लागला की 'फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज टाका'. गावोगाव हाच उपाय चालत आला आहे.

दुसरा उपायही होता. विंडोजच्या जागी चालणारा लिनक्स १९९१ पासून आहे, फुकट आहे, आणि जुन्या यंत्रावर हलके चालणारे त्याचे अवतार पंचवीस-तीस वर्षांपासून निघत आहेत. तरीही तो धाडसारख्या गावांच्या टेबलांपर्यंत पोहोचला नाही. सामान्य माणसाच्या टेबलावर कळ दाबली की अक्षर लगेच उमटावे, यासाठी खुद्द लिनक्सच्या जगातही भांडावे लागले होते.

भारतात लिनक्स पसरला तो इंटरनेटवरून कमी आणि मासिकांतून जास्त. 'पीसीक्वेस्ट' या इंग्रजी मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली; त्यामागे बंगळुरूच्या अतुल चिटणीसांचा ध्यास होता. डायल-अपच्या फोनवर अख्खी प्रणाली उतरवून घेणे अशक्यच होते, त्यामुळे या सीडी हातोहात फिरल्या. पुढे ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू हा लिनक्सचा नवा अवतार आला आणि मागणी नोंदवली की त्याची सीडी फुकट घरपोच मिळू लागली. पोस्टमन जातो त्या कोणत्याही गावात ती जाऊ शकत होती.

सीडी आली तरी गावातल्या संगणकाचे काम मराठीत होते आणि खरी अडचण तिथे होती. लग्नपत्रिका, हँडबिले, अर्ज हे सगळे पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या फॉन्टांत व्हायचे. या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पडद्यावर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसे. ज्याचा सगळा धंदा या फाइलींवर उभा आहे तो माणूस प्रणाली कशाला बदलेल? त्यातच एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, तालुक्या-तालुक्यात केंद्रे निघाली आणि हजारो मुलांचा हात पहिल्यांदा माउसवर पडला. तो पडला विंडोज आणि एमएस ऑफिसवर. एका पिढीला संगणक म्हणजे विंडोज असेच शिकवले गेले. हे नुकसान मोठे होते आणि तेव्हा ते फारसे कुणाला जाणवले नाही.

याच काळात मराठी लिनक्सवर महाराष्ट्रातच काम चालू होते. मुंबईच्या व्हीजेटीआयमधले प्राध्यापक जितेंद्र शाह यांच्या पुढाकाराने 'इंडिक्ट्रान्स' या गटाने लिनक्सच्या मेन्यूंना मराठी दिली. रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुल्या परवान्यावर दिले आणि कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी ते पुढे सांभाळले. फॉन्ट बदलला तरी अक्षरे तीच राहावीत यासाठीची सर्वमान्य पद्धत म्हणजे युनिकोड. विंडोज एक्सपीत मराठी युनिकोड सुरू करायला सेटिंगमध्ये शिरून मूळ सीडी घालावी लागे. लिनक्सवर पुढे पुढे ते आपोआप मिळू लागले. केंद्र सरकारच्या सी-डॅकने डेबियन या लिनक्सवर आधारलेला 'बॉस' २००७ मध्ये आणला, तोही भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवूनच.

भाषेचा प्रश्न असा हळूहळू सुटत गेला. वेगाचा प्रश्न मात्र वेगळ्याच ठिकाणी अडला होता.

प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. त्यातला शेड्युलर नावाचा भाग कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा हे ठरवतो. लिनक्सचा गाभा घडवणाऱ्यांपैकी अनेकांच्या पगारामागे सर्व्हर विकणाऱ्या कंपन्या होत्या. सर्व्हरवर तासाभरात एकूण किती काम उरकले हे मोजतात. घरच्या टेबलावर हिशेब निराळा असतो: मागे मोठी फाइल कॉपी होत असली तरी समोर टाइप केलेले अक्षर अडता कामा नये. हा फरक ज्याने हट्टाने मांडला तो संगणकतज्ज्ञ नव्हताच. ऑस्ट्रेलियातला कॉन कोलिव्हास हा भूलतज्ज्ञ. आपला डेस्कटॉप अडखळतो म्हणून तो प्रोग्रॅमिंग शिकला आणि वर्षानुवर्षे कर्नेलला स्वतःची ठिगळे जोडत राहिला. प्रोसेसर सर्व कामांत न्याय्य वाटला तर यंत्र हाताला चपळ लागते, हे त्याने करून दाखवले. २००७ मध्ये ही कल्पना स्वीकारली गेली, पण त्याचा कोड नव्हे. इंगो मोल्नार याने नव्याने लिहिलेला शेड्युलर ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ या आवृत्तीत आला. मोल्नारने कोलिव्हासचे ऋण मान्य केले, तरी कोलिव्हास दुखावून बाजूला झाला. २००९ मध्ये तो नवा शेड्युलर घेऊन परतला, तोही मूळ कर्नेलच्या बाहेरच राहिला. २०१० मध्ये माइक गॅलब्रेथने सुमारे दोनशे ओळींचे ठिगळ लिहिले आणि मागे जड काम चालू असतानाही पुढचा पडदा हलता राहू लागला. आज कुठल्याही लिनक्सवर सफाईने टाइप करणाऱ्या माणसावर या भांडणाचे उपकार आहेत.

मोल्नारचा शेड्युलर आला त्याच ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात-धनगरवाडा या वस्तीच्या छोट्या शाळेत हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. 'मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा हा भारतातला प्रयोग. त्या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी १ जीबीची फ्लॅश मेमरी होती, आणि प्रणाली फेडोरा लिनक्सवर बेतलेली. पडद्यावरचे 'शुगर' नावाचे वेष्टन मुलांसाठी प्रेमाने आखलेले होते, पण ते पायथन भाषेत लिहिलेले होते आणि एवढ्याशा यंत्रावर जड पडे; त्या लॅपटॉपच्या मंदपणाची तक्रार जगभरातून झाली. पाया हलका असून भागत नाही, वर चढवलेला थर किती जड आहे यावरही सगळे ठरते. जुन्या संगणकासाठी प्रणाली निवडणाऱ्याने खैरातचा हा प्रयोग जरूर आठवावा.

वरचा थर जड होण्याचा हाच प्रश्न एप्रिल २०११ मध्ये सगळ्यांपुढे आला. त्या एका महिन्यात ग्नोम ३ हा नवा डेस्कटॉप निघाला, उबुंटूने युनिटी हे स्वतःचे नवे रूप सर्वांना दिले आणि फुकट सीडी पाठवणेही थांबवले. दोन्ही नवे डेस्कटॉप दिसायला देखणे, पण ग्राफिक्सची ताकद मागणारे. जुन्या यंत्रांचे मालक हैराण झाले. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुना ग्नोम २ जपण्यासाठी 'माटे' सुरू केला. १९९६ पासून चालत आलेल्या एक्सएफसीईकडे आणि तैवानमधून निघालेल्या एलएक्सडीईकडे लोक वळले. झुबुंटू, लुबुंटू, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, एमएक्स ही नावे पुढे जुन्या संगणकांच्या संदर्भात सतत घेतली जाऊ लागली.

नावांच्या या गर्दीत लोक नेमके चुकीच्या जागी वाद घालतात. उबुंटू बरा की डेबियन, याने टेबलावर फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो रॅम भरल्यावर. रॅम संपली की प्रणाली हार्ड डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरू लागते आणि फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला शंभरेक ठिकाणीच उडी मारू शकते. गावभाषेतला 'हँग' बहुतेकदा हाच असतो. म्हणून ४ जीबीच्या यंत्रात आधी तबकडीविना चालणारी छोटी एसएसडी बसवावी, मग एक्सएफसीई किंवा एलएक्सडीईचा वारस एलएक्सक्यूटी असलेले लिनक्सचे कोणतेही वितरण टाकावे आणि रॅममधला मजकूर रॅममध्येच दाबून ठेवणारी झेडरॅम ही सोय चालू करावी. फेडोराने ती २०२० पासून मुळातच चालू ठेवली आहे.

सेवा केंद्रवाल्याने एक पायरी आणखी आधी थांबावे. प्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. तशी ती आपल्या प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याच्या यंत्रासह चालवून पाहावी. दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर चालवताना अनेकांना घाम फुटला आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र सहज चालतात. अंगठ्याच्या यंत्रांचे सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच बनते. त्यामुळे एक संगणक विंडोजवर ठेवून बाकीचे टायपिंग, स्कॅनिंग आणि ऑनलाइन अर्ज लिनक्सवर नेणे हाच व्यवहारी मार्ग आहे. शिकायला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत.

विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक डेस्कटॉप बाद ठरतात. त्यांतले ६४-बिट असतील तर वर सांगितलेले सारे मार्ग त्यांना खुले आहेत. ३२-बिट यंत्रांची वाट अरुंद झाली आहे: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. अशा यंत्रांवर अजून डेबियन १२ टाकता येते.