सेवाग्रामची शाळा आणि हिशेबी सेवा

कार्तिकाच्या सुमारास समुद्रपूर तालुक्यात जो फिरेल, त्यास वाटेच्या दोहों बाजूंस फुटलेला कापूस आणि वेचणीस वाकलेल्या बाया दिसतील. हा कापूस शाळेच्या वर्गात न्यावा, ही कल्पना याच वर्धा जिल्ह्यात रुजली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे हस्तव्यवसायास दिली होती. मातृभाषेच्या वाट्यास ४० मिनिटे आली. पुस्तकी वळणाच्या आम्हांस ही वाटणी आजही थोडी बोचते, हे कबूल केलेले बरे. शाळेचा कारखाना होईल, अशी भीती त्या काळीही अनेकांनी बोलून दाखविली होती.

परंतु कातणे हा त्या योजनेचा अर्धाच भाग होय. कापूस किती घेतला, सूत किती निघाले, घट किती आली, मजुरी काय पडली, हे मुलानेच मांडावयाचे व गणित त्यातून शिकावयाचे. शांतिनिकेतनातून आलेल्या आर्यनायकम् पतिपत्नींनी सेवाग्रामास ही 'नई तालीम' चालविली. शेत, सफाई व स्वयंपाकघर हेही तेथे वर्गच होते.

या शाळेत डॉ. अभय बंग शिकले. त्यांचा जन्म १९५० चा. त्यांचे वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्रज्ञ. गांधीजींच्या एका वाक्यावरून अमेरिकेस जाण्याचा बेत टाकून ते खेड्यांकडे वळले होते. तेव्हा पुत्राच्या सेवावृत्तीचे सारे श्रेय शाळेच्या पदरी घालणे न्याय्य होणार नाही. तेराव्या वर्षी अभयने खेड्यांचे आरोग्य आणि थोरल्या अशोकने शेती सुधारावयाची, असे दोघां भावांनी ठरविले. असले संकल्प घरोघर होतात व मॅट्रिकच्या निकालाबरोबर विरून जातात. नागपूरची वैद्यकीय पदवी घेऊनही हा का विरला नाही?

शाळेने केवळ दयाबुद्धी दिली नाही, मोजण्याची सवय दिली. आमच्या मते उत्तर येथे आहे. वर्धा जिल्ह्यातील कान्हापूर गावी काम करीत असता त्यांच्यापुढे मजुरीचा प्रश्न आला. रोजगार हमीवरील मजुराची किमान मजुरी तेव्हा ४ रुपये होती, आणि ती पागे समितीच्या अहवालावर बेतलेली होती. बंगांनी त्या अहवालातील मजुराच्या आहाराचे व कुटुंबाच्या गरजांचे आकडे तपासून त्यांतील चुका दाखविल्या. पुढे ती मजुरी १२ रुपये झाली. मजुरांच्या चळवळीचा त्यात वाटा होताच. पण स्वयंपाकघरात धान्य तोलावयास शिकलेल्या विद्यार्थ्यास अहवालातील धान्य कमी पडते हे दिसावे, यात नवल नाही.

१९८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते परतले, आणि १९८६ मध्ये पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह त्यांनी गडचिरोलीस 'सर्च' संस्था उभी केली. १९८८ साली तेथे दर हजारी १२१ अर्भके दगावत. १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच शिकविलेल्या स्त्रिया घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या, आणि शेजारच्या ४७ गावांशी ताळा घेत राहिल्याने फरक सिद्ध करता आला. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला.

याहून लहान, पण आम्हांस अधिक बोलकी वाटणारी एक गोष्ट आहे. न्यूमोनिया ओळखावयाचा तर बाळाचे मिनिटातले श्वास मोजले पाहिजेत. आणि गावच्या सुइणींस बारापलीकडे मोजता येत नव्हते. बंगांनी त्यांच्या हाती एक मिनिटाची वाळूची घटिका व मण्यांची पाटी दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी आला, तर औषध सुरू करावयाचे.