बऱ्हाणपूर : तटाच्या आंत आणि बाहेर

तापीच्या खोऱ्यांत ज्यांचें घर आहे, मग तें नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडीसारखें खेडें असो कीं रावेरासारखें बाजाराचें गांव असो, त्या सर्वांचें जुन्या काळचें मोठें शहर एकच; तें म्हणजे बऱ्हाणपूर. आज तें मध्यप्रदेशांत मोडतें, म्हणून आम्ही त्यास परकें समजूं लागलों आहों. परंतु सुरतेहून निघालेला व्यापारी नंदुरबार, थाळनेर, चोपडें, रावेर असे मुक्काम करीत ज्या शहरीं पोहोंचे, तें खानदेशची राजधानीच होतें. मराठी वाचकास मात्र हें शहर बहुधा लुटीच्या एका प्रकरणापुरतेंच ठाऊक असतें. आम्ही तें पायीं हिंडून पाहिलें, तेव्हां ती लूट कोठें झाली व कां झाली, हें ग्रंथांपेक्षां रस्त्यांवर अधिक उमगलें.

रेल्वेचें स्टेशन उत्तरेस लालबागेकडे आहे. तेथून गांवाकडे चालत आलें म्हणजे शनवारा दरवाजा लागतो. येथील भागांना वारांचीं नांवें आहेत : शनवारा, बुधवारा, इतवारा. पुणेकर वाचकास हीं नांवें ऐकून घरीं आल्यासारखें वाटेल. दरवाज्यास लागून जो विटांचा तट होता, तो इ. स. १७३१ मध्यें निजाम-उल्-मुल्क असफजाहनें बांधविला. त्यास बुरूज होते व नऊ मोठे दरवाजे होते. पण आंत घेतलेली जमीन अवघी सव्वा चौरस मैल! तटाबाहेर दूरवर जुन्या इमारतींचे अवशेष विखुरलेले आहेत, ते पाहिले म्हणजे मूळ शहर केवढें पसरलें होतें याची कल्पना येते. असफजाहनें तट घातला तो वाढत्या शहराला नव्हे, आटत चाललेल्या शहराला घातला, असें आमचें मत आहे.

सन १६८१ च्या जानेवारीच्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा येथें अकस्मात् येऊन धडकल्या. त्या वेळींही शहरास दरवाजे होतेच. नायब सुभेदार काकरखान ते लावून आंत बसला, आणि शहर वांचलें. पण संपत्ति आंत होती कोठें? ती बहादुरपुऱ्यांत होती. सराफांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथें होत्या. बहादुरपुरा व दुसरे सतरा पुरे लुटले गेले, असें खाफीखानानें लिहून ठेवलें आहे. व्यापार दरवाज्यांत कोंडून घेत नाहीं. त्यास बैलांचे तांडे उतरण्यास मोकळें मैदान लागतें, रंगाऱ्यांस पाणी लागतें, विणकरांस लांब ताणा पसरावयास जागा लागते. म्हणून पुरे बाहेर वाढतात, आणि संकट आलें म्हणजे आधीं तेच जळतात. नंतर शहरांतील प्रतिष्ठित मंडळींनीं औरंगजेबाकडे गाऱ्हाणें नेलें, कीं आमच्या जीवित-वित्ताची हमी नसेल तर शुक्रवारची नमाज बंद ठेवावी लागेल. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत बादशहा जातीनें बऱ्हाणपुरीं येऊन दाखल झाला. पुढें पंचवीस वर्षें दक्षिणेंत राहून तो दक्षिणेंतच मेला, उत्तरेस परत गेला नाहीं. त्या एका लुटीनें केवढें राजकारण हललें, हें आपल्या बखरींच्या अभिमानांत पुरतें येत नाहीं.

इतवाऱ्याच्या बाजूनें हिंडतांना यंत्रमागांचा खडखडाट ऐकूं येतो. हातमागाच्या काळीं येथील झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेंच नव्हे तर मस्कोव्ही व पोलंड येथपर्यंत जात असे, असें फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए सांगतो. जरीची तार हा येथील दुसरा धंदा. चांदीच्या कांबीवर सोनें चढवून ती पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढावयाची, केसाएवढी झाली कीं चपटी करावयाची, आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून कलाबतू करावयाची. एवढी नाजूक कारागिरी जेथें होती, तेथील घरें मात्र सामान्य होतीं. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ त आला, तेव्हां त्यास सराईंत ज्या खोल्या मिळाल्या, त्यांस त्यानें भट्ट्यांची उपमा दिली आहे. बिचाऱ्याचा राग समजण्यासारखा आहे!

शहराच्या मध्यावरील जामा मशीद पाहण्यास आम्हांस सर्वांत अधिक वेळ लागला, आणि तो थोडाच वाटला. फारुकी घराण्याच्या राजा अलीखानानें ती बांधिली. आंत अरबी लेखाजवळच देवनागरी लिपींत एक संस्कृत लेख कोरलेला आहे. सृष्टिकर्त्यास नमन करून तो फारुकी राजांची वंशावळ सांगतो, आणि काळ संवत् १६४६, शके १५११ असा देतो, म्हणजे इ. स. १५९० च्या सुमाराचा. राजा मुसलमान, इमारत मशिदीची, आणि काल शालिवाहन शकाचा! ज्या बाजारांत हुंडी गुजराथ्यानें लिहावी, माल मोमिनानें विणावा आणि तांडा वंजाऱ्यानें हांकावा, तेथील राजास सर्वांना कळेल अशी तारीख घालणें सोयीचें वाटलें असावें. अकरा वर्षांनीं, १६०१ त, अकबरानें अशीरगड घेतला व फारुकी राज्य बुडविलें. त्या विजयाचा फारसी लेखही याच मशिदीवर आहे. जेत्यानें पूर्वीचा लेख पुसला नाहीं, हें नोंदण्यासारखें आहे.

शहराचें नांवही महाराष्ट्रांतूनच गेलेलें आहे. सुमारें १४०० त नासीरखान फारुकीनें तें वसविलें व खुलदाबादचे साधु बुऱ्हाणुद्दीन यांचें नांव दिलें. पलीकडच्या तीरावरील झैनाबाद हें त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांच्या नांवाचें.

मशिदीपासून पूर्वेस तापीकांठीं शाही किल्ला आहे. त्यांतील हमामाच्या छतावरील रंगीत वेलबुट्टी अजून कोठें कोठें टिकून आहे. १६३१ च्या जूनमध्यें मुमताजमहल येथेंच चौदाव्या बाळंतपणांत वारली. तिचा देह सहा महिने पलीकडे झैनाबादेच्या बागेंत होता, मग आग्र्यास नेला. प्रवासी येथें येऊन तिच्यासाठीं हळहळतात. त्याच सुमारास सुरतेपासून नंदुरबारपर्यंतचा सारा रस्ता दुष्काळानें मेलेल्यांच्या प्रेतांनीं भरलेला पीटर मंडीनें पाहिला होता. त्यांची हळहळ कोणी करीत नाहीं. याच नदीच्या कांठीं, गांवापासून कांहीं अंतरावर, मिर्झाराजा जयसिंगाची छत्री आहे. पुरंदरच्या तहानंतर दोनच वर्षांनीं, १६६७ त, तो बऱ्हाणपुरीं मेला.

उदगीरच्या लढाईनंतर १७६० त शहर पेशव्यांकडे आलें, पुढें शिंद्यांकडे गेलें, आणि १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे. या घडामोडी भराभर वाचून टाकाव्या, अशाच आहेत.

पाण्याची गोष्ट मात्र तशी नाहीं. अब्दुल रहीम खानखानानच्या कारकीर्दींत, १६१५ च्या सुमारास, उत्तरेकडील टेंकड्यांतून झिरपणारें पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनीं शहरांत आणलें. इराणांत यास कनात म्हणतात. असे आठ बंधारे होते. त्यांतील कुंडी भंडारा, ज्यास लोक खूनी भंडाराही म्हणतात, तो शंभरांवर विहिरींसारख्या कुंड्यांनीं वरून ओळखतां येतो. कुंडी ते कुंडी खालून बोगदा, आणि वाहण्यास केवळ उतार. मोट नाहीं, रहाट नाहीं. २०२४ त युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादींत याचें नांव गेलें. आम्ही एका कुंडींतून खालीं उतरलों, तेव्हां पाणी घोट्यापर्यंत वाहत होतें, स्वच्छ व गार. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर बसले आहेत व वर्षानुवर्षें जाड होत आहेत. कांहीं ठिकाणीं त्यांनीं वाट इतकी अरुंद केली आहे कीं अंग चोरून जावें लागतें. तट बहुतेक पडला. हें पाणी, तो तट घालण्याच्या शंभर वर्षें आधींपासून, त्याच्या खालून चाललेलें आहे.