सेल्फची कुळकथा

मराठी गॅरेजमध्ये ‘सेल्फ’ म्हणजे बंद इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर. ‘सेल्फ मारा’, ‘सेल्फ उचलत नाही’, ‘सेल्फ उतरवावा लागेल’ ही तिथली रोजची भाषा. मूळ इंग्रजी शब्द ‘सेल्फ-स्टार्टर’. इंग्रजीत पुढे त्यातला ‘स्टार्टर’ रूढ झाला, मराठीत ‘सेल्फ’ राहिला. मराठीने राखलेला तुकडा अधिक बोलका आहे, कारण गाडी आपोआप चालू होणे हेच या मोटरचे पहिले नवल होते. जुन्या गाडीचा सेल्फ का अडला हे शोधायचे तर त्याचे कूळ माहीत हवे. या कुळात जो जो भाग दाखल झाला, तो आपले दुखणे सोबत घेऊन आला.

आधी हँडल होते. गाडीच्या पुढून लोखंडी हँडल घालायचे, क्रँकशाफ्टच्या टोकाला अडकवायचे आणि इंजिन हाताने फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट फिरे आणि हँडल असा तडाखा देई की मनगट मोडे. म्हणून जाणता चालक आधी ठिणगीची वेळ मागे घेई. मग अंगठा मुठीभोवती न वळवता चार बोटांच्या बाजूलाच ठेवून हँडल खालून वर ओढी. तडाखा बसलाच तर मूठ सुटून हात वाचावा, एवढ्यासाठी ही पकड.

विजेने इंजिन फिरवण्याची कल्पना जुनी होती. इंग्लंडमध्ये १८९६ साली अर्नोल्ड गाडीवर डाउसिंग यांनी अशी मोटर बसवली होती. अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना १९०३ मध्ये पेटंट मिळाले. दाबलेली हवा, स्प्रिंगा, अ‍ॅसिटिलीन वायू असेही प्रयोग झाले. विजेच्या वाटेत अडचण होती ती आकाराची: इंजिन फिरवण्याइतकी दमदार मोटर आणि तिला पुरेल अशी बॅटरी गाडीत मावेल कशी?

हे कोडे सुटले दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रामुळे. चार्ल्स केटरिंग हे ओहायो राज्यातील डेटनला नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते आणि गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्याचे काम त्यांनी केले होते. गल्ल्याच्या मोटरला क्षणभर जोर करायचा असतो, मग विश्रांती. मोटरला सतत राबायचे नसेल तर लहान मोटरवरही काही सेकंद तिच्या ताकदीबाहेरचे ओझे टाकता येते, ती तापून जळायच्या आत काम उरकते. एडवर्ड डीड्स यांच्यासह काढलेल्या डेल्को कंपनीत केटरिंग यांनी हेच तत्त्व मोटारीला लावले. मागणी होती कॅडिलॅकच्या हेन्री लेलंड यांची. बायरन कार्टर हे मोटार-उत्पादक हँडलच्या तडाख्याने जखमी होऊन १९०८ मध्ये वारले, त्याचा लेलंड यांच्या मनावर परिणाम झाला, असे सांगतात. १९१२ च्या कॅडिलॅकवर सेल्फ आला, १९१५ मध्ये केटरिंग यांना पेटंट मिळाले आणि १९१९ पर्यंत स्वस्तातल्या फोर्ड मॉडेल टी लाही तो मिळू लागला.

केटरिंग यांचे तत्त्व हेच सेल्फच्या पहिल्या दुखण्याचे मूळ. थोड्या वेळात मोठे काम म्हणजे प्रचंड प्रवाह. बारा व्होल्टच्या साध्या चार सिलिंडरी गाडीत सेल्फ सहज शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एवढ्या प्रवाहापुढे क्षुल्लक अडथळाही डोंगर होतो. बॅटरीच्या टर्मिनलवर गंजामुळे ओहमचा पन्नासावा भाग एवढाच रोध आला, तरी दीडशे अँपिअरला तिथल्या तिथे तीन व्होल्ट गडप होतात. बाहेरून पाहावे तर पांढरट-हिरवट पावडरीचा पातळ थर, आणि कधी तोही नाही: क्लँप वरून चकचकीत, आत खांबाला टेकतो तिथे काळी कातडी. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, सेल्फ मात्र एकदा कण्हतो आणि थांबतो. अशा वेळी नवी बॅटरी आणणे हा पैशाचा निव्वळ अपव्यय. क्लँप काढून खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवावा, दोन्ही पृष्ठभाग घासावेत, घट्ट बसवून वरून व्हॅसलीन लावावे.

खरी परीक्षा मात्र मीटरची. भरलेली, स्वस्थ बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन पेट घेऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर काढावी, मदतनिसाला सेल्फ मारायला सांगावे. बॅटरीचे व्होल्ट साडेनऊच्या खाली घसरले तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ नको तेवढा प्रवाह ओढत आहे. बॅटरी तग धरून असेल तर मीटरची एक टोचणी बॅटरीच्या खांबावर, क्लँपवर नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरावी. सेल्फ फिरताना इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर चोर त्याच वाटेवर आहे. मग दुसरी टोचणी एकेक सांधा मागे आणत जावी. आकडा जिथे एकदम पडतो तो सांधा गुन्हेगार.

प्रवाहाची परतीची वाट पुष्कळदा विसरली जाते. प्लिमथने १९३१ मध्ये इंजिन रबरावर तरंगते ठेवले आणि ही पद्धत सर्वत्र पसरली. गाडीचा थरथराट कमी झाला, पण रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि चासी जोडायला वेणीसारखी विणलेली अर्थची पट्टी आली. ती तुटली की प्रवाह मिळेल त्या वाटेने जातो. चोकची तार गरम लागली, तर अर्थची पट्टी तपासायलाच हवी. ब्रिटिश गाड्यांत १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकापर्यंत बॅटरीची धन बाजू अर्थला असे. अशा गाडीत सवयीने ऋण टोक चासीला जोडणे महागात पडते.

पुढचा भाग व्हिन्सेंट बेंडिक्स यांचा. इंजिन सुरू झाल्यावर सेल्फ त्याला जखडलेला राहिला तर फुटेल, म्हणून पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, आट्यांच्या शाफ्टवर बसवला. मोटर झटक्याने फिरली की जडत्वामुळे पिनियन मागे राहतो, आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरतो आणि इंजिन वेग घेताच बाहेर फेकला जातो. याचे दुखणे कानाने ओळखता येते: मोटर भर्रकन फिरते, इंजिन हलत नाही. आट्यांवर मळ बसलेला असतो. तो रॉकेलने धुवून कोरडा ठेवायचा. तेल दिले तर क्लचची धूळ त्यावर चिकटते आणि आठवडाभरात तेच रडगाणे पुन्हा. दुसरा प्रकार उलटा: ‘टक’ आवाज, हेडलाइट मंद, सगळे स्तब्ध. पिनियन दात्यांत अडकला असावा. इग्निशन बंद करून, वरचा गिअर टाकून गाडी पुढे-मागे हलवली की बहुधा सुटतो. ब्रिटिश लुकास कंपनीच्या कित्येक सेल्फना मागे टोपीखाली चौकोनी टोक असते, ते पान्याने फिरवूनही अडकलेला पिनियन मोकळा होतो.

स्विचची कथा थोडक्यात. महायुद्धातल्या विलीज जीपला सहा व्होल्टची बॅटरी आणि पायाने दाबायचे बटण होते. फियाट ५०० ला दोन सीटांच्या मधला लिव्हर. क्रायस्लरने १९४९ मध्ये किल्लीनेच सेल्फ फिरवण्याची सोय केली, तेव्हा जड प्रवाह डॅशबोर्डपर्यंत न आणता सोलेनॉइड या विद्युतचुंबकी स्विचकडून जोडून घेणे भाग पडले. हेडलाइट प्रखर राहून सेल्फ निपचित असेल तर बॅटरी निर्दोष आणि संशय स्विच, सोलेनॉइड किंवा झिजलेल्या कार्बन ब्रशवर. सोलेनॉइड नुसता टकटक करत असेल, तर आधी बॅटरी मोजावी.

केटरिंग यांच्या मूळ यंत्रात एकच मशीन इंजिन फिरवे आणि नंतर बॅटरी भरे. पुढे ही दोन कामे वेगळी झाली: एकीकडे सेल्फ, दुसरीकडे डायनामो. म्हणून चार्ज करून आणलेली बॅटरी गाडीत चार दिवसांनी पुन्हा बसत असेल तर सेल्फ उतरवू नये. डायनामोचा पट्टा, त्याचे ब्रश आणि त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कट-आऊट तपासावा. कट-आऊटचे टोक चिकटून राहिले, तर उभ्या गाडीत बॅटरी रात्रभर डायनामोतून रिती होत राहते.