वीरगळ कसा वाचावा? चंद्र-सूर्य, अप्सरा आणि सतीचा हात

गावाच्या वेशीजवळ, पाराखाली किंवा महादेवाच्या देवळामागे कंबरभर उंचीचा एखादा कोरीव दगड उभा असतो. लोक त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. पण तो कोणत्या देवाचा, हे सहसा सांगता येत नाही. कारण तो देव नसतोच. तो लढताना मेलेल्या माणसाचा स्मृतिदगड, म्हणजे वीरगळ असतो. ‘वीर’ आणि दगड या अर्थाचा कानडी ‘कल्लु’ यांपासून हा शब्द आला.

हिंगोली जिल्ह्यातील हट्टा, औंढा नागनाथ हा भाग बाराव्या-तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या राज्यात होता. महाराष्ट्रातले अनेक वीरगळ याच सुमाराचे आहेत. कर्नाटकात वीरगळांवर बऱ्याचदा लेख असतो. आपल्याकडे तो क्वचितच. त्यामुळे वीराचे नाव हरवते आणि उरते ते फक्त चित्र.

हे चित्र खालून वर वाचायचे. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई दिसल्या, तर तो गोधन वाचवताना मेला; वाघ दिसला, तर शिकारीत किंवा गावाच्या रक्षणात. त्यावर लढाईचा प्रसंग. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो, म्हणजे कैलासाला पोचला. शेंड्याजवळ चंद्र आणि सूर्य: ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो. टोकाला बहुधा कलश.

प्राचीन इजिप्तच्या मृत्युचित्रांशी इथे तुलना करण्याजोगी आहे. तिथे मृताचे हृदय तराजूत घालून मातच्या पिसाशी तोलले जाते, अनुबिस देव तराजू पाहतो, आणि मग मृत ओसायरिससमोर उभा राहतो. वीरगळात तराजू नाही, न्यायाधीशही नाही. रणात आलेले मरण हाच पुरेसा पुरावा.

दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात उभा कोरलेला असेल, तर ती सतीशिळा. बांगड्या सौभाग्याची खूण. वीराच्या मरणामागून त्याच्या बायकोचेही मरण आले, एवढेच तो हात सांगतो. तिची इच्छा होती की नाही, ते दगडावर नसते.

चंद्र-सूर्य पाहून मात्र फसू नये. ते गधेगाळावरही असतात. तिथे खाली गाढव आणि स्त्री कोरलेली असते, आणि तो दगड दान दिलेली जमीन हडपणाऱ्याला घातलेली शिवी असतो. स्मारकाशी त्याचा संबंध नाही.

नेहमीच्या चौकटीबाहेरचे वीरगळ मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे आहेत. त्यांवर गाईगुरांच्या जागी वल्ही मारणाऱ्या नौका कोरल्या आहेत. यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात सुमारे १२६५ साली झालेल्या आरमारी लढाईचे हे दृश्य असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

शेंदराचे थर चढत गेले की आधी बारीक कोरीवकाम बुजते: गाईंची शिंगे, अप्सरांचे हात. मग वीर कशासाठी मेला, तेही कळेनासे होते.