कथनशैलीची अभिरुची आणि वाढते ग्रंथसंग्रह : बेंगळूरच्या वाचनेतिहासातील काही प्रश्न

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना लेखक, कृती आणि संप्रदाय यांचा क्रम लावणे तुलनेने सोपे असते. वाचकाला त्या क्रमात कोठे बसवावे हा प्रश्न मात्र अवघड ठरतो. हान्स रॉबर्ट याऊस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथे वाङ्मयेतिहासाची पुनर्मांडणी सुचवली, तेव्हा कृतीचे मूल्य वाचकांच्या अपेक्षाक्षितिजाशी जोडण्याचा त्यांचा आग्रह होता. हे अपेक्षाक्षितिज कोणत्या साधनांतून वाचावयाचे, हा प्रश्न भारतीय भाषांच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. परीक्षणे समीक्षकांची रुची सांगतात आणि आवृत्त्यांचे आकडे प्रकाशकाचा व्यवहार सांगतात. सामान्य वाचकाने कोणती कथनशैली जवळ केली व कोणती दूर ठेवली, याचा लेखी पुरावा क्वचितच उरतो. असा एक पुरावा म्हणजे वाचकाचा स्वतःचा ग्रंथसंग्रह. कपाटात मावेनासा होऊन माळ्यावर, पलंगाखाली आणि जिन्यावर पसरलेला हा संग्रह बहुधा हौस किंवा अडगळ म्हणूनच पाहिला जातो. इतिहासाचे साधन म्हणून त्याचा विचार करण्यासाठी बेंगळूर हे शहर विशेष उपयुक्त आहे. मराठी व कन्नड या दोन वाचनपरंपरा येथे परस्परांना भेटल्या आहेत आणि आधुनिक भारतीय ग्रंथालयशास्त्राचाही या शहराशी निकटचा संबंध आहे.

१

बेंगळूर व मराठी यांच्या वाङ्मयीन संबंधाचा आरंभ आधुनिक काळात झालेला नाही. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे हे मुख्य ठाणे झाले. त्यांच्या आश्रयाने जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. आपणास बारा भाषा अवगत आहेत हे सुचवण्यासाठी जयरामाने शहाजीराजांपुढे बारा नारळ ठेवल्याचा प्रसंग या ग्रंथामुळे सर्वपरिचित झाला आहे. राजवाड्यांना या ग्रंथात मुख्यतः राजकीय इतिहासाचे साधन दिसले. वाचनेतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातील दरबार, म्हणजे श्रोतृवर्ग, अधिक महत्त्वाचा आहे. गद्यपद्यमिश्रित चंपूचा बांधा आणि त्यात निरनिराळ्या देशभाषांतील रचना यांचा मेळ ज्या सभेला रुचला, ती सभा एका भाषेच्या चौकटीत ऐकणारी नव्हती. या सभेची रुची आज कळते ती पोथी टिकली म्हणून, हे येथे लक्षात घ्यावे लागते. ज्या पोथ्या टिकल्या नाहीत त्यांच्याबरोबर त्यांच्या श्रोत्यांची अभिरुचीही नाहीशी झाली.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुद्रित कादंबरीचा वाचक घडू लागला. कन्नडमध्ये ही घडण प्रथम अनुवादांतून झाली. म्हैसूर संस्थानात बी. वेंकटाचार्य यांनी बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या बंगालीतून कन्नडमध्ये आणल्या. मुंबई इलाख्यातील कन्नड प्रदेशात वेंकटेश तिरको कुलकर्णी, म्हणजे गळगनाथ (१८६९–१९४२), यांनी हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा मार्ग धरला. अनुवाद व रूपांतरांतून हात तयार झाल्यावर त्यांनी विजयनगरच्या इतिहासावर ‘माधव करुणाविलास’ ही स्वतंत्र कादंबरी लिहिली. पुस्तकांचे ओझे स्वतः वाहून ते गावोगाव विकत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. कन्नड वाचक घडवण्याचे श्रेय या दोघांना दिले जाते ते केवळ कथानकांमुळे नव्हे. वाचकाशी मध्येच बोलणारा, प्रसंग अर्ध्यावर सोडून मागील हकिकत सांगणारा आणि उत्कंठा लांबवत नेणारा निवेदक कन्नड वाचकाच्या सवयीचा झाला, तो या अनुवादांमुळेही.

येथे तुलनाकारांनी एक भेद करावयास हवा. अनुवादाच्या इतिहासात ‘मराठीचा कन्नडवरील प्रभाव’ अशी नोंद केली की विषय संपल्यासारखा वाटतो. वस्तुतः प्रभाव ही लेखकांमधील घटना आहे आणि रुची ही वाचकांमधील. पुराणश्रवणात आणि हरिकथेत रमणाऱ्या श्रोत्याला आपट्यांचा बोलका निवेदक परका वाटण्याचे कारण नव्हते. म्हणजे मराठीतून जे कन्नडमध्ये गेले, त्याचे स्वागत आधीच्या श्रवणसंस्कारांनी केले. कथनशैली एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा ती रिकाम्या जागी जात नाही.

३

१९६५ हे वर्ष या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखे आहे. या एकाच वर्षी कन्नडमध्ये एस. एल. भैरप्पा यांची ‘वंशवृक्ष’ आणि यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हींचा विषय परंपरानिष्ठ ब्राह्मणकुटुंब व त्यातील नैतिक पेच हाच आहे. कथनाच्या रीती मात्र भिन्न आहेत. ‘वंशवृक्ष’चा निवेदक सर्वसाक्षी आहे. तो नंजनगूड व म्हैसूर येथील घरांमधून सावकाश फिरतो, संवादांना पुरेशी जागा देतो आणि पिढ्यांचा काळ क्रमाने उलगडतो. ‘संस्कार’ लहान आहे. एका मृत्यूनंतरच्या थोड्या दिवसांत ती प्राणेशाचार्यांच्या मनात खोल उतरते आणि शेवट उघडा ठेवते. नव्य समीक्षेने ‘संस्कार’ उचलून धरली. वाचकांच्या मोठ्या वर्गाने भैरप्पांना आपले मानले. २००७ मध्ये ‘आवरण’ प्रसिद्ध झाल्यावर अनंतमूर्तींनी जाहीर टीका केली, तेव्हा भैरप्पा हे कादंबरीकारापेक्षा वादपटू अधिक आहेत असा तिचा रोख होता. या वादाची राजकीय बाजू पुष्कळ चर्चिली गेली. त्यामागे कथनशैलीविषयीचा जुना मतभेद होता, ही बाजू तुलनेने उपेक्षित राहिली. अनंतमूर्तींचे २०१४ मध्ये व भैरप्पांचे २०२५ मध्ये बेंगळूर येथेच निधन झाले. या वादाचे मूल्यमापन आता अधिक अलिप्तपणे करता येईल.

मराठी वाचकाने या दोघांपैकी भैरप्पांना जितके जवळ केले तितके क्वचितच दुसऱ्या कन्नड कादंबरीकाराला केले असेल. याचे श्रेय उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांना निःसंशय आहे. त्यांच्या ‘वंशवृक्ष’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. त्यांची अनुवादपद्धतीही या विवेचनात महत्त्वाची ठरते. विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड कृती वाचून ध्वनिमुद्रित करत आणि उमा कुलकर्णी ते ऐकून मराठी संहिता सिद्ध करत. लिपीच्या मार्गाने नव्हे तर कानाच्या मार्गाने आलेल्या या अनुवादात निवेदनाचा बोली ओघ टिकला असेल, तर ते स्वाभाविक मानावे लागेल.

तरीही अनुवादकाचे कौशल्य एवढ्यानेच हे स्वागत स्पष्ट होत नाही. मराठी वाचकाच्या हाती ‘पर्व’ (मूळ १९७९) येण्यापूर्वी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९), शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) येऊन गेले होते. ‘मृत्युंजय’ने पात्रांना प्रथमपुरुषी बोलते केले होते, ‘युगान्त’ने त्याच पात्रांकडे समाजशास्त्रीय निर्ममतेने पाहण्यास शिकवले होते. ‘पर्व’मध्ये पात्रांच्या स्मरणांतून कथा पुढे सरकते आणि चमत्कारांचे आवरणही दूर होते. पहिल्या ग्रंथाने लावलेली आत्मनिवेदनाची गोडी आणि दुसऱ्याने लावलेली चिकित्सेची सवय, दोहोंचे समाधान मराठी वाचकाला येथे एकत्र मिळाले. ‘कोसला’ने (१९६३) दाखवलेली निवेदनाची वाट या वाचकवर्गाला सर्वस्वी अपरिचित नव्हती, परंतु कपाटात तिच्या शेजारी ‘पर्व’ उभे करताना त्याला विसंगती जाणवली नाही. समीक्षकांच्या छावण्या आणि वाचकांची कपाटे यांची रचना एकसारखी नसते, हा यातून निघणारा निष्कर्ष आहे.

४

कपाटांच्या रचनेचा प्रश्न बेंगळूरमध्ये शास्त्राच्या पातळीवरही विचारला गेला. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे या शहरात घालवली आणि १९६२ मध्ये येथे भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले. त्यांच्या १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते, तिसरे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे म्हणते आणि पाचवे ग्रंथालयाला वाढत्या सजीवाची उपमा देते. ग्रंथसंग्रह मावेनासा होणे ही विकृती नसून त्याचा स्वभावच आहे, हे या सूत्राने मान्य केले.

मात्र ग्रंथ वाढले की त्यांना स्थान द्यावे लागते. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात साहित्यकृतीचे स्थान भाषा, वाङ्मयप्रकार, लेखक आणि कृती या क्रमाने ठरते. कथनशैलीला या क्रमात जागा नाही. अनुवादही मूळ भाषेच्या साहित्याबरोबर राहतो. म्हणजे शास्त्रशुद्ध ग्रंथालयात मराठी ‘वंशवृक्ष’ कन्नड साहित्यात जाईल. मराठी घरातील कपाटात ती रणजित देसाईंच्या ‘स्वामी’शेजारी दिसली तर आश्चर्य वाटू नये. पहिली रचना कृतीचे मूळ सांगते, दुसरी तिचे वाचन सांगते. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला दोन्हींची गरज आहे. पहिलीची सूची उपलब्ध असते. दुसरीची कोणी करत नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्यांनीही अभिरुचीच्या इतिहासावर परिणाम केला आहे. म्हैसूर राज्याचा कायदा १९६५ चा. त्याने मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसवला आणि शासकीय ग्रंथालयांचे जाळे उभे केले. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्याने उपकर न लावता वाचनालये चालवणाऱ्या संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. एका व्यवस्थेत ग्रंथखरेदी बरीचशी वरून होते, दुसरीत स्थानिक वाचनालयाच्या समितीला सभासदांची मागणी ऐकावी लागते. दोन्हींत दोष आहेत. पण मराठी वाचकाची रुची वाचनालयाच्या देवघेव नोंदवहीत शोधता येते, तशी ती कर्नाटकातील शासकीय खरेदीच्या याद्यांत शोधता येत नाही. तेथे संस्थांनी व व्यक्तींनी उभारलेले संग्रह अधिक बोलके ठरतात. डी. व्ही. गुंडप्पा यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावे १९४५ मध्ये बेंगळूर येथे स्थापन केलेली सार्वजनिक व्यवहार संस्था हे त्याचे एक उदाहरण.

५

शास्त्रीय वर्गीकरणाच्या अगदी उलट टोकाला चर्च स्ट्रीटजवळचे ‘प्रीमियर बुकशॉप’ होते. टी. एस. शानभाग यांनी ते १९७१ मध्ये सुरू केले आणि २००९ मध्ये बंद केले. मुंबईच्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’चे संस्थापक टी. एन. शानभाग हे त्यांचे चुलते. ‘प्रीमियर’मधील पुस्तके जमिनीपासून छतापर्यंत ढिगांनी रचलेली असत. एक काढले तर शेजारचे कोसळेल अशी स्थिती. पण मालकांना प्रत्येक पुस्तकाची जागा ठाऊक असे आणि नेहमीच्या ग्राहकाची आवडही. हव्या त्या वाचकाला हवा तो ग्रंथ देण्याचे रंगनाथन यांचे सूत्र येथे सूचीशिवाय, केवळ स्मरणाच्या बळावर पाळले जात होते. स्मरणाची मर्यादाही याच उदाहरणातून स्पष्ट होते. दुकान बंद झाले, पुढे २०२१ मध्ये शानभाग निवर्तले आणि जवळजवळ चार दशकांच्या वाचकांची जी नोंद एका व्यक्तीच्या मनात होती ती संपली.

मंड्या जिल्ह्यातील हरळहळ्ळी येथील अंके गौडा यांचा संग्रह हा याच प्रश्नाचा विराट नमुना होय. एके काळी बसवाहक असलेल्या आणि पुढे साखर कारखान्यात नोकरी केलेल्या या गृहस्थांनी जमवलेल्या ग्रंथांची संख्या लाखांत मोजली जाते. पुस्तके जमिनीवर आणि पोत्यांतही साठली आहेत. या ग्रंथप्रेमाविषयी आदरच वाटतो. तथापि संग्रहाचा आकार वाढत गेला की त्यातील निवड दिसेनाशी होते, हेही नमूद केले पाहिजे. इतिहासकाराला ग्रंथांची संख्या पुरेशी नाही. कोणते पुस्तक कोणाकडून, कोणत्या क्रमाने आणि कशाच्या शेजारी आले, हे कळले तरच संग्रहातून अभिरुची वाचता येते.

६

बेंगळूरमधील मराठी घरांतील संग्रहांचा प्रश्न यामुळे निकडीचा झाला आहे. नोकरी-व्यवसायासाठी येथे स्थिरावलेल्या पिढ्यांनी पुण्यामुंबईहून आणलेली पुस्तके, दिवाळी अंक आणि येथे आल्यावर गोळा केलेले कन्नडमधील अनुवाद एका कपाटात ठेवले. पुढील पिढी मराठी बोलत असली तरी अनेकदा वाचत नाही. घर बदलताना किंवा वडीलधारी व्यक्ती गेल्यावर हे कपाट रिकामे होते. काही ग्रंथ जुन्या बाजारात जातात, काही रद्दीत. दुर्मीळ ग्रंथ असतील तर कोणी तरी त्यांचे अंकीकरण करील. परंतु ‘स्वामी’, ‘पर्व’ किंवा ‘वंशवृक्ष’ यांच्या प्रती दुर्मीळ नाहीत. म्हणून त्या जपण्याचे कारण कोणाला दिसत नाही. नष्ट होतो तो ग्रंथ नव्हे, ग्रंथांचा शेजार.

तो वाचवण्यासाठी इमारतीची आवश्यकता नाही. संग्रह हलवण्यापूर्वी फळीच्या क्रमाने यादी करावी. नावाची सही, खरेदीची तारीख, दुकानाचा शिक्का, भेटीचा मजकूर, समासातील खुणा आणि न कापलेली पाने यांची नोंद घ्यावी. वाचक हयात असेल तर कोणते पुस्तक पुन्हा वाचले आणि कोणते अर्धवट सोडले, हे विचारावे. मराठी व कन्नड जाणणाऱ्या विद्यार्थ्यांकडून अशी थोडी कपाटे जरी नोंदवली गेली, तरी दोन भाषांतील कथनरुचीची तुलना अनुमानावरून साधनांवर येईल. शहाजीराजांच्या सभेची रुची एका ग्रंथावरून अजमावावी लागते, कारण दुसरा मार्ग उरलेला नाही. आजच्या वाचकाबाबत तो मार्ग उपलब्ध आहे, आणि तो फार काळ खुला राहणार नाही.