नादार
दिंडोरीत द्राक्षबागेवरील थकलेल्या कर्जाची गोष्ट निघाली, की ‘नादार’ हा शब्द अजूनही कानी पडतो, आणि तोही बहुधा दूषण म्हणूनच. वस्तुतः शब्द निरुपद्रवी आहे: फारसीत ‘ना’ म्हणजे नाही, ‘दार’ म्हणजे बाळगणारा, जमीनदार, दुकानदार यांच्याच कुळातला, परंतु रिक्तहस्त. आमच्या वडिलांच्या पिढीत शाळेतल्या गरीब विद्यार्थ्याच्या फीमाफीस ‘नादारी’ म्हणत आणि ती मिळाली तर घरी आनंदच होई. कचेरीत मात्र त्याच शब्दाला कलंक चिकटला. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमान्वये ऋणकोस स्वतःला नादार ठरवून घेण्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, आणि त्यासाठी मूळ कायद्याने घातलेली किमान कर्जाची अट अवघी ५०० रुपयांची आहे. २०१६ च्या नव्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीची कलमे कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरतीच अमलात आली. ती सर्वांसाठी लागू व्हावीत, हे उचित. तोवर ‘नादार’ ही शिवी नसून कायद्याने दिलेली संज्ञा आहे, हे ऋणकोने ध्यानी धरावे आणि सावकाराआधी विधी सेवा समितीचा उंबरठा चढावा. तेथे स्त्रियांना व अनुसूचित जमातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधिसाहाय्य मिळते.