एक जात, अनेक पऱ्हाट्या

मंडळी, आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले आणि आज बोलणार आहोत पऱ्हाटीवर. सरांना हे काय सुचलं, असं काही जणांना वाटेल. पण प्रश्न आमच्याच घरातला आहे. नैयायिकांच्या चर्चेत जाती आणि व्यक्ती ही जोडी येते. गाई हजार, गोत्व एक. ते एक काय, हे शोधण्यात आमची हयात गेली. गाई-गाईंतला फरक आम्ही किरकोळ समजलो.

डार्विनने तसं केलं नाही. १८५९ च्या त्याच्या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणं एकाच जातीतल्या फरकांवर आहेत, आधी पाळीव प्राण्या-पिकांतल्या, मग निसर्गातल्या. पुढे तो एक साधा दाखला देतो: तेवढ्याच जमिनीत गव्हाचा एकच वाण पेरण्यापेक्षा अनेक वाण मिसळून पेरले, तर एकूण उपज जास्त येते. म्हणजे जातीतला फरक किरकोळ नाही, त्यातून काहीतरी घडतं.

आता आपल्या वऱ्हाडात या. अमरावतीचं जुनं नाव उमरावती. त्यावरून इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून विकला जाई. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि गिरण्यांची नजर इकडे वळली. त्यांना हवा होता लांब धाग्याचा, एकसारखा माल. १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच झाला. ओला कापूस, माती, सरकी मिसळणं ही लबाडी होतीच, ते कबूल. पण आखूड आणि लांब धागा एकत्र येणं हेही त्याच नजरेनं पाहिलं गेलं.

वऱ्हाडात तेव्हा मुख्यतः दोन नावं होती, बनी आणि जरी. बनीचा धागा लांब नि मऊ. जरी आखूड, खरखरीत, पण रुई जास्त देणारी. साहेब लोक बनीसाठी हळहळले. शेतकऱ्यानं हिशेब केला आणि जरी लावली. गंमत अशी, की जरी हा एक वाण नव्हताच, ते देशी कापसाच्या अनेक प्रकारांचं मिश्रण होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीखात्यानं त्यातला भरपूर रुई देणारा 'रोझियम' निवडून वेगळा केला. जिथे देशी कापूस मर रोगानं वाळे, तिथे अमेरिकी वंशाची 'बुरी' टिके. ती मात्र वेगळीच जात.

या फरकांचा वावरातल्या बाकी जिवांशी काय संबंध? पानावरची लव घ्या. दाट लव असेल तर तुडतुडे कमी लागतात, पण पांढऱ्या माशीला तेच पान आवडतं. पानामागच्या मधुग्रंथी घ्या. त्यांच्या गोड रसावर मुंग्या येतात, ढालकिडे येतात, किडींच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या येतात. एका गुणात फरक पडला, की झाडावरची वस्ती बदलते. २००६ मध्ये अमेरिकेत गोल्डनरॉड या रानझाडावर प्रयोग प्रसिद्ध झाला: एकाच जातीचे पण वेगवेगळ्या वंशाचे नमुने एकत्र लावले, तिथे कीटकांच्या जाती जास्त आढळल्या. पण हा काही अटळ नियम नाही. जातीतल्या फरकामुळे दोन जातींचे मार्ग एकमेकांवर येऊन एक दुसरीला हटवू शकते, असंही गणित मांडलं गेलं आहे.

फरक किडीतही असतो, आणि तिथेच आपण चुकलो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी येई, कडेनं आश्रयाचे तास लावायला. तिथे वाढलेले साधे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या मोजक्या पतंगांशी जुळावेत आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरावीत, ही कल्पना. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा चालतो. गुलाबी अळीला मात्र जवळपास कापूसच लागतो. म्हणून ते तास महत्त्वाचे. ते लावले कुणी? आमच्या घरच्या वावरात आम्हीच सांगितलं, "राहू द्या ते, उगाच जागा जाते." पाकिटं फडताळात पडून राहिली. डार्विन शिकवणाऱ्या माणसानं हे केलं. त्यात लोकांनी फरदड ठेवली, अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळालं. २०१७ मध्ये विदर्भात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. तोवर पिशव्यांवरची नावं शेकडो होती, पण आतला उपाय सगळ्यांत तोच.

आमचे आजोबा देशी सरकी शेणात घोळून पेरत आणि पुढल्या सालासाठी चांगल्या बोंडांची सरकी बाजूला ठेवत. ते दिवस परत आणा, असं आम्ही म्हणत नाही. देशीला भाव कमी, बोंड लहान, वेचणी जिकिरीची. पण अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेले 'एकेए-७', 'एकेए-८' असे देशी वाण आहेत. ज्यांच्याकडे हलकी, कोरडवाहू जमीन आहे, त्यांनी चार तास तरी लावून पाहावेत. आमच्या धुऱ्याला लागून या वर्षी ते लावले आहेत. पुढल्या खेपेला त्यावर काय काय येऊन बसलं, ते सांगू.